स्वराचे विश्वस्त

मराठीत ज्या साहित्यप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, त्याचे नाव ज्या संस्कृत ग्रंथावरून पडले, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याच्या हातून पुरा झाला नव्हता. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’ रचावयास घेतली आणि ती मध्यावर असतानाच तो निवर्तला. उरलेला भाग त्याच्या पुत्राने लिहिला. हा पुत्र पित्याच्या शैलीचे अनुकरण करून गप्प राहिला असता, तर कदाचित जोड कोठे आहे याचा पत्ता पुष्कळांना लागलाही नसता. परंतु येथून पुढचा भाग आपला आहे आणि तो आपण का लिहीत आहोत, याचा खुलासा त्याने उत्तरभागाच्या आरंभीच करून ठेवला. दुसऱ्याचे अपुरे काम हाती घेणाऱ्याने कसे वागावे, याचा हा एक जुना आणि चांगला दाखला आहे.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अगदी वेगळ्या क्षेत्रात, पाश्चात्त्य देशांतील रॉक संगीतात, वारंवार उभा राहिला. रॉक संगीत गाणारा-वाजविणारा वृंद, म्हणजे ज्याला बँड म्हणतात तो, सामान्य वाद्यवृंदाहून निराळा असतो. चित्रपटगीताच्या वाद्यवृंदात एखादा व्हायोलिनवादक गैरहजर राहिला, तर दुसरा त्याच्या जागी बसतो आणि गीताला बाध येत नाही. रॉकच्या बँडमध्ये मात्र चार-पाच माणसे असतात, तीच गीते रचतात, तीच त्यांना चाल लावतात, तीच गातात आणि वाजवितात. त्यांच्या परस्पर स्वभावांच्या घर्षणातून जो विशिष्ट नाद निर्माण होतो, त्यालाच श्रोते त्या बँडचे नाव देतात. अशा वृंदातील प्रमुख माणूस नाहीसा झाला म्हणजे केवळ एक जागा रिकामी होत नाही. आपण अजून तेच आहोत काय, असा प्रश्न उरलेल्यांपुढे येतो. त्याचे उत्तर त्यांच्या पुढील अल्बमने, म्हणजे एकत्र प्रसिद्ध होणाऱ्या गीतांच्या नव्या संचाने, द्यावे लागते.

१९८० या एकाच वर्षी तीन नामांकित बँडांवर ही वेळ आली आणि तिघांनी तीन निरनिराळे मार्ग पत्करले. ऑस्ट्रेलियातील ‘एसी/डीसी’ या बँडचा गायक बॉन स्कॉट त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये मरण पावला. उरलेल्यांनी ब्रायन जॉन्सन या इंग्रज गायकास बोलावून घेतले आणि अवघ्या पाच महिन्यांत, जुलैमध्ये, ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम प्रसिद्ध केला. गेलेल्या मित्रासाठी सुतक म्हणून त्याचे वेष्टन काळे ठेवले होते आणि त्याच्या आरंभी घंटेचे संथ टोल होते. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. मेमध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या मँचेस्टरकडील बँडचा गायक इअन कर्टिस गेला. त्याच्या सोबत्यांनी जुने नावच टाकून दिले, ‘न्यू ऑर्डर’ हे नवे नाव घेतले आणि गिटार वाजविणाऱ्या बर्नार्ड समनरने गायनाची जबाबदारी उचलली. त्यांचा पहिला अल्बम ‘मूव्हमेंट’ १९८१ मध्ये निघाला. सप्टेंबरमध्ये ‘लेड झेपेलिन’चा ड्रमवादक जॉन बॉनम निधन पावला. त्याच्या सोबत्यांनी डिसेंबरात आपला बँडच विसर्जित केल्याचे जाहीर केले. एकाने जागा भरली, दुसऱ्याने घर बदलले, तिसऱ्याने दार लावून घेतले.

हे तिन्ही मार्ग महाराष्ट्रातील नाट्यरसिकांना अपरिचित नाहीत. १९२१ साली केशवराव भोसले यांचे अकाली निधन झाले तेव्हा त्यांची ‘ललितकलादर्श’ मंडळी बंद पडली नाही. बापूराव पेंढारकर यांनी ती पुढे चालविली. १८८५ साली अण्णासाहेब किर्लोस्कर वारले, तेव्हा त्यांचे ‘रामराज्यवियोग’ हे नाटक अपुरेच राहिले. त्या काळी रंगभूमीवर गेलेल्या नटाची भूमिका दुसऱ्याकडे जात असे, किंवा ती भूमिकाच मागे पडत असे. तिसरी वाट संभवत नव्हती, कारण गेलेल्याचा आवाज त्याच्याबरोबर गेलेला असे.

ध्वनिमुद्रणाच्या कलेने ही परिस्थिती पालटली. प्रारंभी गायक आणि वादक एका खोलीत एकत्र जमून एका दमात गीत मुद्रित करीत. पुढे चुंबकीय फीत आली आणि त्या फितीच्या रुंदीवर अनेक समांतर पट्टे पाडण्याची युक्ती निघाली. एका पट्ट्यावर गळा, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर ड्रम, असे प्रत्येकाचे मुद्रण वेगवेगळ्या दिवशी, किंबहुना वेगवेगळ्या गावी करता येऊ लागले. १९७० नंतरच्या दशकात असे चोवीस पट्टे एका फितीवर सामावत. याचा एक परिणाम असा झाला की, आवाज हा गायकापासून अलग होऊन एक स्वतंत्र वस्तू बनला. तो जपून ठेवता येतो, त्याच्याभोवती नवी वाद्ये उभी करता येतात, आणि गायक हयात नसला तरी त्याच्यासह नवे गीत तयार होऊ शकते. जे बाणभट्टाच्या पुत्राला शक्य नव्हते, ते येथे शक्य झाले: पित्याच्याच आवाजात उत्तरभाग लिहिणे. परंतु जे शक्य झाले ते उचितही आहे काय, हा नवा पेच त्याबरोबर आला. त्या पेचाला सर्वांत विचारपूर्वक तोंड दिले ते ‘क्वीन’ या इंग्रज बँडने, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेड इन हेवन’ या अल्बममध्ये.

‘क्वीन’ची स्थापना १९७० साली लंडनमध्ये झाली. फ्रेडी मर्क्युरी हा गायक, ब्रायन मे हा गिटारवादक, रॉजर टेलर हा ड्रमवादक, आणि १९७१ पासून जॉन डीकन हा बास गिटार वाजविणारा, असे हे चौघे. वीस वर्षे त्यांच्यात बदल झाला नाही. विशेष म्हणजे चौघेही गीतकार होते आणि प्रत्येकाच्या नावावर लोकांच्या तोंडी बसलेले एखादे तरी गीत आहे. तरीही त्या नादाचा मुखडा म्हणजे मर्क्युरीचा आवाज होता, यात शंका नाही.

या मर्क्युरीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध प्रत्यक्ष होता. त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. १९४६ साली झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या त्या थंड डोंगरगावी तो पियानो शिकला, आणि तेथेच चार शाळूसोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ नावाचा एक छोटा बँड त्याने उभारला. त्यात तो पियानो वाजवीत असे. १९६४ मध्ये झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले, आणि फारोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला तो त्यानंतर.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मर्क्युरीला एड्स या रोगाने ग्रासले. त्या वेळी या रोगावर परिणामकारक उपचार उपलब्ध नव्हते आणि त्याच्या भोवती लोकापवादाचे मोठे सावट होते. मर्क्युरीने आपल्या सोबत्यांना विश्वासात घेतले, बाहेर मात्र वाच्यता केली नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत ‘इन्युएंडो’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण माणूस येथे थांबला असता. मर्क्युरी थांबला नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचे शहर आहे. तेथील ‘माउंटन’ नावाचे ध्वनिमुद्रणगृह क्वीनने १९७९ मध्ये विकत घेतले होते. त्या शांत गावी राहून, अंगात जेवढी शक्ती असेल तेवढा वेळ, तो गात राहिला. ब्रायन मे याने पुढे अनेकदा सांगितले आहे की, आपल्याजवळ फार दिवस नाहीत हे मर्क्युरी जाणून होता. तुम्ही मला शब्द देत राहा, मी गाऊन ठेवतो, बाकीचे तुम्ही नंतर पुरे करा, असा त्याचा आग्रह होता.

या एका गोष्टीने पुढील सर्व प्रकरणाला निराळे स्वरूप आले. एरवी मृताच्या मागे सापडलेल्या कागदांचे किंवा फितींचे काय करावे, याचा निर्णय वारसांना अंदाजाने घ्यावा लागतो. येथे अंदाजाला जागा नव्हती. ज्याचा आवाज होता, त्यानेच तो कशासाठी ठेवला आहे हे सांगितले होते. वारस आणि विश्वस्त यांत कायदा फरक करतो तो हाच. वारसाला मिळालेल्या मालमत्तेचे तो काहीही करू शकतो. विश्वस्ताला ती ज्या हेतूने सोपविली, त्या हेतूनेच वापरावी लागते. ‘क्वीन’चे उरलेले तिघे हे मर्क्युरीच्या आवाजाचे वारस नव्हते, विश्वस्त होते.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीने आपल्या आजाराविषयी जाहीर निवेदन केले आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुढील वर्षी, २० एप्रिल १९९२ रोजी, वेम्ब्ली येथील मैदानात त्याच्या स्मरणार्थ एक मोठा कार्यक्रम झाला. अनेक नामवंत गायकांनी त्याची गीते म्हटली. या स्मरणकार्यातून एड्सविरोधी कामाला मदत करणारा ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. त्यानंतर तिघांपुढे राहिले ते माँत्रोतील फितींचे काम.

ते काम अपेक्षेपेक्षा कठीण निघाले. अखेरच्या काळात मर्क्युरीने गायिलेली, अल्बममध्ये घेता येतील अशी गीते तीनच होती. तेवढ्यावर संच पुरा होत नव्हता. म्हणून तिघांनी जुन्या फिती धुंडाळल्या. १९८० साली मर्क्युरीने पियानोवर सहज म्हणून ठेवलेला एक तुकडा सापडला, त्याचे ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ झाले. मर्क्युरीच्या १९८५ च्या स्वतंत्र अल्बममधील दोन गीते घेतली आणि त्यांच्यावरची जुनी साथ काढून त्या जागी ‘क्वीन’ची गिटार आणि ड्रम बसविले. त्यांपैकी एकाचे शीर्षक ‘मेड इन हेवन’, म्हणजे ‘स्वर्गात घडलेले’; संपूर्ण अल्बमला तेच नाव दिले. ‘टू मच लव्ह विल किल यू’ हे गीत १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमसाठी मर्क्युरीने गायिले होते, पण त्या वेळी ते बाजूला राहिले. १९९२ च्या स्मरणसभेत ते ब्रायन मे याने स्वतः म्हटले होते. आता तेच मर्क्युरीच्या गळ्यातून श्रोत्यांपुढे आले. अशा रीतीने कोठे पूर्ण गायिलेले गीत, कोठे एखादे कडवे, तर कोठे नुसती ओळ, असा सारा माल होता. ‘यू डोन्ट फूल मी’ हे गीत तर ध्वनिमुद्रणतज्ज्ञ डेव्हिड रिचर्ड्स याने मर्क्युरीच्या सुट्या तुकड्यांतून जुळवून उभे केले. चार वर्षे लोटली ती या जुळवाजुळवीत. मोडलेल्या मूर्तीचे तुकडे सांधणाऱ्या कारागिराला जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथे हवी होती: तुकडा आपल्या सोयीसाठी घासावयाचा नाही.

या संचातील दोन गीतांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिले ‘अ विंटर्स टेल’. मर्क्युरीने एकट्याने रचलेले हे शेवटचे गीत मानले जाते. माँत्रोचे सरोवर, हिवाळ्याची चाहूल, पलीकडचे पर्वत, असा त्याचा विषय आहे. मृत्यू डोळ्यांपुढे असलेल्या माणसाने लिहिलेले असूनही त्यात तक्रारीचा सूर नाही. समोर जे दिसते त्याची तो शांतपणे नोंद करतो. माणूस आपल्या अखेरच्या दिवसांत काय पाहू इच्छितो, याचे हे एक प्रामाणिक चित्र आहे.

दुसरे ‘मदर लव्ह’. मर्क्युरी आणि ब्रायन मे यांनी मिळून रचलेले हे गीत मर्क्युरीच्या गळ्यातून निघालेले अखेरचे मुद्रण होय. १९९१ च्या मे महिन्यात तो हे गीत गाण्यास उभा राहिला. ब्रायन मे शब्द लिहून देई आणि मर्क्युरी एकेक ओळ गाऊन ठेवी. उंच स्वरांच्या जागाही त्याने सोडल्या नाहीत. शेवटचे कडवे तेवढे उरले, तेव्हा त्याला थकवा आला. आता विसावा घेतो, परत आल्यावर हे पुरे करू, असे सांगून तो गेला. तो पुन्हा त्या गीताकडे परतला नाही.

आता या शेवटच्या कडव्याचे काय करावयाचे? ते गाळून टाकणे सोपे होते. एखाद्या अनुकरणपटू गायकाकडून मर्क्युरीच्या धाटणीने म्हणवून घेणेही अशक्य नव्हते. असे गायक लंडनमध्ये पुष्कळ होते. तिघांनी यांपैकी काहीही केले नाही. ते कडवे ब्रायन मे याने स्वतःच्या आवाजात म्हटले. त्याचा आवाज मऊ आणि मर्यादित आहे, मर्क्युरीची झेप त्यात नाही, आणि ती आणण्याचा प्रयत्नही त्याने केला नाही. त्यामुळे गीत ऐकत असताना एका ठिकाणी श्रोत्याला स्पष्ट कळते की, येथे पहिला गायक थांबला. अल्बममध्ये या जागेइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही जागेचा होत नाही. गीताच्या अखेरीस १९८६ मध्ये वेम्ब्लीच्या मैदानात मर्क्युरीने श्रोत्यांकडून आपल्यामागे म्हणवून घेतलेल्या आलापांचा तुकडा येतो आणि सर्वांत शेवटी एका तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते.

‘मेड इन हेवन’ ६ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत अग्रस्थानी गेला. त्याच्या वेष्टनावर सरोवराकाठी हात उंचावून उभा असलेला मर्क्युरीचा पुतळा आहे. शिल्पकार इरेना सेडलेका हिने केलेला हा पुतळा पुढील वर्षी माँत्रो येथे समारंभपूर्वक अनावृत झाला. वेष्टनाच्या मागील बाजूस उरलेले तिघे पर्वतांकडे पाहत उभे आहेत. शेवटी सुमारे २२ मिनिटांचा शब्दहीन, संथ ध्वनिखंड आहे. गीते संपल्यावरही श्रोत्याने लगेच उठू नये, अशी जणू त्याची योजना आहे.

या संचावर टीका झाली नाही असे नाही. निरनिराळ्या काळांतील तुकडे एकत्र आणल्यामुळे त्यात एकसंधपणा कमी आहे, आणि काही गीते आधी अन्य रूपात प्रसिद्ध झालेली असल्याने नवेपणाही कमी आहे, हा आक्षेप रास्त आहे. मर्क्युरी जिवंत असता, तर त्याने यांतील काही गीते बाजूला ठेवली असती, असेही म्हणता येईल. विश्वस्ताच्या कामाची ही मर्यादाच आहे. सोपविणाऱ्याचा हेतू त्याला ठाऊक असतो. त्याची अभिरुची मात्र त्याच्यापाशी नसते. तिघांनी हेतूशी इमान राखले आणि सांधे दिसू दिले, एवढे श्रेय त्यांना निश्चित द्यावे लागते.

पुढील इतिहासही बोलका आहे. १९९७ मध्ये तिघांनी मर्क्युरीच्या स्मरणार्थ एक नवे गीत मुद्रित केले आणि त्यानंतर जॉन डीकन निवृत्त झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी पॉल रॉजर्स या नाणावलेल्या गायकास सोबत घेऊन २००८ साली ‘द कॉस्मॉस रॉक्स’ हा नव्या गीतांचा अल्बम काढला, तेव्हा त्यावर ‘क्वीन अधिक पॉल रॉजर्स’ असे नाव घातले. ॲडम लॅम्बर्ट हा तरुण अमेरिकन गायक पुढे त्यांच्याबरोबर जगभर गाऊ लागला, तेव्हाही तीच ‘अधिक’ची खूण कायम ठेवली. नवा माणूस आला आहे. तो जुन्याच्या जागी नाही, जुन्याच्या शेजारी आहे, एवढा अर्थ त्या लहानशा चिन्हात सामावला आहे.

या गोष्टीचे महत्त्व तीस वर्षांनंतर कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. १९९५ साली मर्क्युरीने न गायिलेले कडवे मर्क्युरीच्या आवाजात निर्माण करणे कोणालाही शक्य नव्हते. आता यंत्राला एखाद्या गायकाचे पुरेसे ध्वनिमुद्रण ऐकविले, तर त्याने कधीही न उच्चारलेले शब्द त्याच्या गळ्यातून आल्यासारखे ऐकू येतात. २०२३ मध्ये ‘बीटल्स’ या बँडचे ‘नाउ अँड देन’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्यात १९८० साली मारल्या गेलेल्या जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती फितीवरून यंत्राच्या साहाय्याने पियानोपासून अलग काढला होता. आवाज खरा होता, केवळ स्वच्छ केलेला. आपल्याकडे २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील गीतात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून पुन्हा निर्माण करविले. त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन व त्यांस मोबदला देऊन आपण हे केले, असा खुलासा रहमान यांनी केला. संमती घेतली हे योग्यच झाले. तथापि ही संमती वारसांची होती; गायकाने स्वतः आपला आवाज सोपविणे ही त्याहून निराळी गोष्ट होय. जेथे गाणाऱ्याला विचारण्याची सोय उरलेली नाही, तेथे निदान ऐकणाऱ्याला तरी सत्य सांगितले पाहिजे. कोणता स्वर माणसाचा, कोणता यंत्राचा, आणि मूळ गायक कोठे थांबला, हे श्रोत्यापासून लपविता कामा नये.

‘मदर लव्ह’चे शेवटचे कडवे आज यंत्राकडून मर्क्युरीच्या आवाजात गाऊन घेणे कोणालाही कठीण जाणार नाही. ते कदाचित सफाईदारही होईल. मात्र त्यातून एक माहिती नाहीशी होईल: एका मे महिन्यात एक थकलेला माणूस, परत येतो असे सांगून, या जागी उठून गेला होता. ब्रायन मे याच्या साध्या आवाजाने ती माहिती जपून ठेवली आहे.